फाळाची झीज आणि बोरॉनचे कठीण कवच

नांगराचा फाळ, वखराची पास, मोगड्याचे दाते किंवा रोटाव्हेटरची पाती ही जमिनीत काम करताना झिजावयाचीच, असे प्रत्येक शेतकरी गृहीत धरून चालतो. ती झीज केवढ्या वाटचालीची खूण आहे, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. ३० सेंटिमीटर रुंदीचे तास घेणाऱ्या नांगराने १ हेक्टर जमीन नांगरून काढली म्हणजे त्याचा फाळ मातीतून सुमारे ३३ किलोमीटर ओढला गेलेला असतो. हंगामात १० हेक्टरांचे काम करणाऱ्या फाळाची ही वाट मुंबई ते नागपूर या अंतराच्या निम्म्याच्या घरात जाईल. एवढ्या प्रवासात पोलादाचा कण न् कण मातीतील वाळूशी झुंजत असतो. फाळ बोथट झाला की तो जमिनीत नीट शिरत नाही, नांगरटीची खोली कमी होते, बैलांना ओढ जास्त पडते, ट्रॅक्टर असल्यास डिझेल अधिक जळते आणि पेरणीच्या ऐन घाईत अवजार उभे राहते. फाळाची किंमत हा या नुकसानीचा लहान भाग होय.

अलीकडे अवजारांच्या दुकानांत ‘बोरॉनची पाती’, ‘बोरॉनचा फाळ’ असे शब्द कानी पडू लागले आहेत. बोरॉन हे नाव शेतकऱ्यांना सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून परिचित आहे. पपईचे फळ खडबडीत व वेडेवाकडे झाले किंवा फुलकोबीचा गड्डा तपकिरी पडला, की बोरॉनची कमतरता असावी असे अनुभवी बागायतदार लगेच ओळखतो. लोहाराच्या व सोनाराच्या दुकानातील टाकणखार हाही बोरॉनचाच क्षार होय. मग हा पिकाला चिमूटभर लागणारा पदार्थ पोलादाला कठीण कसा करतो, आणि त्यासाठी जादा पैसे मोजणे कोणाला परवडेल, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण बाजारात एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात, आणि त्यांतील एक मिळेल या समजुतीने दुसरी घेणाऱ्याची निराशा ठरलेली असते.

झीज कशाने होते?

माती मऊ आणि पोलाद कठीण, असे वरवर दिसते. वस्तुतः पोलादाला झिजविते ती चिकणमाती नव्हे, तर तिच्यातील वाळूचे कण. वाळूचा मोठा भाग गारगोटीचा, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला क्वॉर्ट्झ म्हणतात त्या खनिजाचा असतो. पदार्थाची कठिनता मोजण्याची एक रीत अशी आहे की, त्याच्या पृष्ठभागावर हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने दाबावयाचे आणि पडलेल्या खळगीचे माप घ्यावयाचे. त्यावरून जो आकडा निघतो त्यास व्हिकर्स अंक म्हणतात. साध्या मऊ पोलादाचा हा अंक १२० ते १५० च्या आसपास असतो. लोहाराने किंवा कारखान्यात चांगले पाणी दिलेल्या पोलादाचा अंक ५०० ते ८०० पर्यंत जातो. गारगोटीचा अंक मात्र १,००० ते १,२०० च्या दरम्यान आहे. थोडक्यात, शेतातील वाळूचा कण हा फाळापेक्षा कठीण आहे. तो फाळावरून सरकताना सूक्ष्म नांगराप्रमाणे त्यावर तास पाडीत जातो. जमीन नांगरणारा फाळ स्वतःच नांगरला जातो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

यात एक मर्म आहे. मॉस्को येथील संशोधक ख्रुश्चोव (हे राजकारणी ख्रुश्चोव नव्हेत) यांनी १९५० नंतरच्या दशकात घेतलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, पाणी देऊन पोलादाची कठिनता वाढविली तरी त्याची झीज त्याच प्रमाणात कमी होत नाही. कठिनता तिप्पट झाली म्हणून फाळ तिप्पट टिकत नाही. वाळूचा कण अजूनही त्याच्यापेक्षा कठीणच असतो आणि आपले ओरखडणे चालू ठेवतो. परंतु धातूचा पृष्ठभाग वाळूच्या कठिनतेच्या जवळ पोचला आणि तिच्या पुढे गेला, की झीज एकाएकी घटते. कण टोचावयास येतो, पण त्याला रुतता येत नाही. तो घसरतो किंवा स्वतः फुटतो. इंग्लंडमधील सिल्सो येथील शेती अभियांत्रिकी संस्थेत १९६० नंतरच्या दशकात मातीच्या झिजेसंबंधी जे काम झाले, त्यानेही या गोष्टीस पुष्टी दिली. बोरॉनचे महत्त्व नेमके येथे आहे.

बोरॉनीकरण म्हणजे काय?

लोखंड किंवा पोलाद सुमारे ८५० ते ९५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून ते बोरॉन देणाऱ्या पदार्थाच्या सान्निध्यात काही तास ठेवले, तर बोरॉनचे लहान अणू पृष्ठभागातून आत शिरतात आणि लोहाशी संयोग पावतात. या क्रियेस बोरॉनीकरण म्हणता येईल. बोरॉन पोलादात शिरतो हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांनी १८९५ साली नोंदविले होते. कारखानदारीत त्याचा उपयोग मात्र पुष्कळ उशिरा होऊ लागला.

प्रचलित पद्धतीत बोरॉन कार्बाइडचे चूर्ण, क्रिया सुरू करून देणारा एक फ्लोरिनयुक्त क्षार आणि भरताड म्हणून सिलिकॉन कार्बाइडचे चूर्ण यांच्या मिश्रणात सुटे भाग पेटीत पुरून ठेवतात व पेटी भट्टीत घालतात. पृष्ठभागावर लोह-बोरॉन संयुगाचा जो थर तयार होतो, तो वरून चोपडलेल्या रंगासारखा नसतो. साध्या पोलादात तो करवतीच्या दात्यांसारखा आत घुसलेला असतो. वडाची मुळे भिंतीत शिरावी तसे हे दाते पोलादाला धरून राहतात. म्हणून तो सहजासहजी सोलून निघत नाही.

हा थर दोन प्रकारच्या संयुगांचा बनू शकतो. लोहाच्या दोन अणूंमागे बोरॉनचा एक अणू असलेल्या संयुगात वजनाने सुमारे ९ टक्के बोरॉन असते आणि त्याचा व्हिकर्स अंक साधारण १,४०० ते १,८०० असतो. एकास एक अणू असलेल्या दुसऱ्या संयुगात बोरॉन १६ टक्क्यांवर जाते व त्याचा अंक १,९०० किंवा त्याहून वर पोचतो. दोन्ही गारगोटीहून कठीण आहेत. अधिक कठीण ते अधिक चांगले, असे येथे मात्र मानू नये. दुसरे संयुग ठिसूळ आहे, आणि थंड होताना ते पहिल्यापेक्षा फार जास्त आकसते. त्यामुळे दोन्ही थर एकावर एक असल्यास त्यांच्या सांध्याशी तडे जातात व वरचा पापुद्रा उडतो. म्हणून कुशल कारागीर चूर्णातील बोरॉनचे प्रमाण बेताचे ठेवून केवळ पहिलाच थर मिळविण्याचा प्रयत्न करतो.

थराची जाडी ही या पद्धतीची खरी मर्यादा होय. साध्या पोलादावर सुमारे ९०० अंश उष्णतेत ४ तासांत जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा थर मिळतो. वहीचा कागद साधारण एवढाच जाड असतो. वेळ दुप्पट केला तरी थर दुप्पट होत नाही, कारण पुढचा बोरॉन आधीच तयार झालेल्या थरातून वाट काढीत जातो. जाडी दुप्पट करावयाची तर वेळ चौपट, म्हणजे १६ तास द्यावा लागतो. पोलादात क्रोमियम, निकेल यांसारखे धातू जास्त असल्यास थर आणखी पातळ होतो व त्याचे दातेही बोथट होतात. सिलिकॉन अधिक असलेले पोलाद तर या कामास वर्ज्य समजावे, कारण सिलिकॉन थराच्या खाली साचून तेथे मऊ पट्टा निर्माण करतो. बिडाच्या भागांवरही ही क्रिया करता येते.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास सर्व खर्च वाया जातो. भट्टीत तासन् तास तापून पेटीत सावकाश थंड झालेल्या पोलादाचा गाभा मऊ पडतो. पावसानंतर ऊन पडले की काळ्या जमिनीवर कडक खपली धरते. पण खालचा चिखल मऊ असल्याने पाय ठेवताच ती मोडते. मऊ गाभ्यावरील बोरॉनच्या थराची गत तीच होते. यासाठी बोरॉनीकरणानंतर तो भाग हवेचा संपर्क टाळून पुन्हा तापवून तेलात बुडवावा लागतो व नंतर बेताने उतरवून घ्यावा लागतो. असे केल्याने गाभा भार पेलण्याइतका बळकट होतो आणि वरच्या थराची कठिनता कायम राहते.

हे काम गावच्या भात्यावर होण्यासारखे नाही. लोहार दोन तुकडे जोडताना टाकणखार टाकतो, त्यातही बोरॉन असते हे खरे. परंतु त्या टाकणखाराचे काम लोखंडावरील जळकी खपली विरघळविण्याचे असते. काही क्षणांच्या त्या तापवणीत बोरॉन पोलादात शिरत नाही. चूर्ण पद्धतीतील फ्लोरिनयुक्त क्षारापासून निघणारा वायू तर विषारी असतो. सबब उघड्या भट्टीवर असा प्रयोग कोणीही करू नये. पोलादावर उष्णतेचे संस्कार करणारे कारखाने पुणे, कोल्हापूर यांसारख्या शहरांत आहेत. बोरॉनीकरण सर्वच ठिकाणी होते असे नाही, तेव्हा आधी चौकशी करावी.

बोरॉन पोलाद ही निराळी वस्तू

दुकानात ‘बोरॉन’ म्हणून मिळणारी बहुतेक पाती बोरॉन पोलादाची असतात. या पोलादात ते वितळलेले असतानाच बोरॉन मिसळलेले असते, आणि त्याचे प्रमाण असते केवळ ०.००१ ते ०.००५ टक्का. एवढ्या अल्प अंशानेही पोलादाला पाणी चांगले चढते. पाते वरपासून गाभ्यापर्यंत सारखे कठीण व चिवट होते. ही वस्तू निकृष्ट नाही. किंबहुना दगडगोट्यांच्या रानात तीच अधिक भरवशाची ठरेल. परंतु तिचा पृष्ठभाग गारगोटीहून कठीण नसतो. बोरॉनीकरण केलेल्या थरात ९ टक्के बोरॉन आणि बोरॉन पोलादात टक्क्याच्या हजाराव्या हिश्शाइतके, हा फरक ध्यानी घेतला म्हणजे एकाची किंमत देऊन दुसरे घेण्याचा प्रसंग येणार नाही.

फरक ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. पात्याचा रंग खरवडून जागा स्वच्छ करावी आणि ताज्या फोडलेल्या गारगोटीची तीक्ष्ण कड तेथे जोराने दाबून ओढावी. जागा ओल्या फडक्याने पुसून पाहावी, कारण दगडाची पांढरी रेघ ही ओरखड्यासारखी दिसते व फसविते. नुसते पाणी दिलेल्या पोलादावर, मग ते बोरॉन पोलाद का असेना, बारीक ओरखडा राहील. बोरॉनीकरण केलेल्या पृष्ठभागावर राहणार नाही. कानशीने मात्र हा निवाडा होत नाही; उत्तम पाणी दिलेल्या पोलादावरूनही कानस घसरतेच.

कोणत्या जमिनीत, कोणत्या भागास?

प्रयोगशाळेत कोरड्या घर्षणाखाली बोरॉनीकरण केलेले पोलाद साध्या पोलादाच्या अनेक पट टिकते, असे वारंवार आढळले आहे. तुर्कस्तानात बोरॉनची खनिजे विपुल असल्याने तेथे नांगराच्या फाळांवरही असे प्रयोग झाले असून ते २००६ साली प्रसिद्ध झाले. तथापि प्रयोगशाळेतील आकडा शेतात जसाच्या तसा उतरत नाही. शेतात घासण्याबरोबर आघातही असतो, आणि आघात हाच या ठिसूळ थराचा वैरी आहे.

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली या बाजूस ग्रॅनाइट व तत्सम खडकांपासून बनलेल्या जमिनींत गारगोटीची वाळू पुष्कळ असते. तेथे दगड कमी आणि वाळू अधिक अशा शेतांत या थराचा गुण दिसण्याचा संभव सर्वांत जास्त आहे. नदीकाठच्या रेताड मळईची गोष्टही तीच. दख्खनच्या काळ्या जमिनी बेसॉल्ट खडकाच्या. त्या खडकात गारगोटी मुळातच जवळजवळ नसते, ती फक्त त्याच्या पोकळ्यांतून सापडते. खोल, भारी काळ्या जमिनीत म्हणूनच झीज तुलनेने कमी होते, आणि चांगले पाणी दिलेला फाळ तेथे पुरेसा असतो. उरल्या मुरमाड, गोट्यांच्या माळजमिनी. तेथे रोटाव्हेटरचे पाते धोंड्यावर आदळताच धारेवरील थराचे टवके उडतील. अशा रानात बोरॉनीकरणावर पैसा घालू नये, असे स्पष्टच सांगितले पाहिजे.

दुसरा विचार भागाचा. नांगराचा फाळ बाद होईपर्यंत कित्येक मिलिमीटर झिजतो, त्यापुढे ०.१ मिलिमीटरचे कवच फार काळ पुरणारे नाही. ते आहे तोवर झीज मंद राहते, ते संपले की फाळ पूर्वीच्याच वेगाने झिजू लागतो. फाळाच्या टोकावर वेल्डिंगने कठीण मिश्रधातूचा दोन-तीन मिलिमीटरांचा लेप चढविण्याची रीत यासाठी अधिक व्यवहार्य आहे, व ती तालुक्याच्या गावी होऊ शकते. ज्या भागांत थोडीशी झीजही चालत नाही, तेथे मात्र बोरॉनीकरण शोभते. वाळूमिश्रित पाणी उपसणाऱ्या पंपातील पोलादी बाही, साखळीच्या पिना, पशुखाद्याच्या गोळ्या पाडणाऱ्या यंत्रातील साचे, पेरणीयंत्रातील घासणारे लहान भाग ही त्याची उदाहरणे होत. तेलविहिरींतील पंपांच्या नळ्यांना वाळूपासून वाचविण्यासाठी हाच संस्कार देतात.

फाळाबाबत एक जुनी युक्ती मात्र विचारात घेण्याजोगी आहे. इंग्लंडमधील इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ साली असा बिडाचा फाळ काढला की, ज्याची खालची बाजू ओततानाच झटकन थंड करून कठीण केलेली असे आणि वरची बाजू मऊ राहत असे. वरची बाजू लवकर झिजे, खालची टिके, आणि धार आपोआप तीक्ष्ण राही. बोरॉनचा लेप हवा त्याच बाजूस लावता येत असल्याने पातळ पास किंवा कोळप्याच्या पात्यावर हे तत्त्व वाळूच्या, दगडविरहित जमिनीत अजमावून पाहण्यासारखे आहे.

या बोरॉनने जमीन तर बिघडणार नाही ना, अशी शंका काही शेतकरी काढतात. ती हसण्यावारी नेऊ नये. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, तेव्हाही लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. दोनशे चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाच्या पात्यावरील सबंध थरात मिळून एक-दीड ग्रॅम बोरॉन असते, आणि ते अनेक हेक्टरांवर पसरते. उलट १० किलो बोरॅक्समध्ये १ किलोहून अधिक बोरॉन असते. पिकाला ना अपाय, ना उपयोग.

गावात चाचणी कशी घ्यावी?

विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने एखाद्या होतकरू शेतकऱ्याच्या मदतीने स्वतः चाचणी घ्यावी. ९ दात्यांचा ट्रॅक्टरचा मोगडा यास सोयीचा आहे. एकाच घडणीचे फाळ घेऊन त्यांतील निम्म्यांवर संस्कार करून घ्यावा आणि एकाआड एक बसवावेत. प्रत्येकावर वरच्या भागात, जो मातीत जात नाही तेथे, छिन्नीने क्रमांक कोरावा. बसविण्यापूर्वी किराणा दुकानातील ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहावे. चाकांच्या मागे येणारे दाते दबलेल्या जमिनीत चालतात व इतरांपेक्षा जास्त झिजतात. म्हणून निम्मे काम झाल्यावर संस्कारित व साध्या फाळांच्या जागा आपसांत बदलाव्यात. हे न केल्यास चाकाच्या दोषाचे खापर फाळावर फुटेल.

काम संपल्यावर फाळ धुऊन, वाळवून, पुन्हा वजन करावे. वजनातील घट, किती हेक्टर काम झाले, जमीन ओली की कोरडी होती, दगड लागले काय, टवके उडाले काय, या नोंदी असाव्यात. फाळाची लांबीही पट्टीने मोजावी, कारण शेतकऱ्याला वजनापेक्षा लांबी चटकन पटते. मग फाळाच्या मूळ किमतीत संस्काराचा खर्च मिळवून त्यास हेक्टरांनी भागावे. साध्या फाळाचा दर हेक्टरी खर्च याहून कमी आला तर साधाच फाळ घ्यावा.

चाचणीतील संस्कारित फाळ बोथट झाल्यास तो सवयीने लोहाराकडे पाजवावयास देऊ नये. भट्टीत लाल झालेल्या फाळावर घण पडताच थर फुटतो, आणि उघड्या हवेत तापल्याने उरलेलाही खराब होतो. अशा फाळास धार लावावयाची तर फक्त मऊ राहिलेल्या बाजूने, सहाणेच्या चाकावर, पाणी सोडीत हलक्या हाताने लावावी. दोन्ही बाजूंस थर असल्यास धार न लावता तो संपेपर्यंत तसाच वापरावा.